लाल टोपीवाल्याची खबरबात

लग्नाला आठ वर्षं झाली तरी चष्मेवालीने सासूबाईंच्या तोंडून स्वतःबद्दल एक धड शब्द ऐकला नव्हता. सासूबाई दुष्ट होत्या असं मुळीच नाही. बाईंचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. इकडचं ऐकायचं आणि तिकडे जोडून द्यायचं, हा हाताला लागलेला चाळा निवृत्तीनंतर सुटतो थोडाच. त्यामुळे सुनेच्या चहात साखर नसते, ती दार लावत नाही तर आपटते, आणि टॉवेल वाळत घालते की दोरीवर फेकते ते कळत नाही, ही सगळी माहिती इमारतीच्या पाचही मजल्यांवर वेळच्या वेळी पोचलेली असायची. सुनेचं गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. सासूबाई मात्र नुसतंच ‘आमची ही’ म्हणत. त्या ‘ही’मध्ये सगळं आलं.

आणि मग गेल्या वर्षी आक्रीत घडलं. चष्मेवाली पोट कमी करायला म्हणून पळणाऱ्यांच्या एका गटात गेली आणि त्यांच्या नादाने एकवीस किलोमीटरची शर्यत पळून आली. शेवटून चौथी आली, पण आली. गळ्यातलं मेडल सासूबाईंनी हातात घेऊन तोललं, उलटं करून पाहिलं आणि परत दिलं. दुसऱ्या दिवशी चष्मेवाली अंघोळीहून बाहेर येते तर सासूबाई फोनवर तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना सांगतायत, ‘आमची सून पळते हो. एकवीस किलोमीटर. मध्ये थांबली म्हणून नाही.’ ती दोनदा थांबली होती, एकदा नाडी बांधायला आणि एकदा रडायला. पण ‘आमची ही’ची ‘आमची सून’ झाली होती. टॉवेल डोक्याला तसाच गुंडाळून चष्मेवाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

इथवर ठीक होतं. पण सासूबाईंनी त्याच फोनवर पुढे जाहीर करून टाकलं, ‘पुढच्या वेळी बेचाळीस.’ चष्मेवालीने बेचाळीसचा ब्रही काढला नव्हता. पण आठ वर्षांनी मिळालेलं कौतुक, त्याला मध्येच ‘नाही हो’ म्हणायची छाती कुणाची होणार? तिने गटात नाव नोंदवलं आणि सराव सुरू केला.

सरावाने तिचं पार भजं केलं. पहिले काही आठवडे बरे गेले. मग पोटऱ्या दगड झाल्या. अंगठ्याचं नख काळं पडलं. जिना ती कठड्याला धरून आडवी उतरायला लागली. नवरा म्हणायचा, ‘तू पळायला जातेस की पडायला?’ आणि तिच्यासाठी आणलेली केळी स्वतःच खाऊन टाकायचा. गटाचा जो प्रमुख होता त्याला सगळे शिट्टी म्हणत, कारण गळ्यातली शिट्टी तो जेवतानाही काढत नसे. त्याला तिने विचारलं, इतकं थकायला होतं ते बरोबर आहे का? तो म्हणाला, ‘थकवा डोक्यात असतो.’ तिचा पोटऱ्यांमध्ये होता, पण शिट्टीशी वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

दुकानात तर तिने एका आजोबांना खुर्चीत बसवलं, समोरचा अक्षरांचा तक्ता वाचा म्हणाली आणि कपाटाला टेकून उभ्या उभ्या झोपली. आजोबांनी तक्ता संपवला. ही काही बोलेना म्हणून मग भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं. त्याखालच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत आले तेव्हा तिला जाग आली. आजोबांना नवा नंबर लागत नव्हता एवढं मात्र त्यातून नक्की झालं.

खरं दुखणं आणखी वेगळंच होतं. तिला आता पळावंसंच वाटत नव्हतं. आधी पळताना मजा यायची. वारा लागायचा, डोकं रिकामं व्हायचं. आता पहिल्या वळणापासूनच ती किती उरलं ते मोजत बसायची. पण सोडलं तर? सोडलं की ‘आमची सून’ परत ‘आमची ही’ होणार, या कल्पनेने ती पुन्हा बुटांच्या नाड्या बांधायची. नवऱ्याला हे सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला असता, एवढंच ना, आणि दुसरं केळं सोललं असतं.

एका पहाटे ती तळ्याकडे निघाली ती अंगठ्याला पट्टी लावायची म्हणून दुकानात शिरली. डोळे तपासायच्या खोलीत बसली. आता ती खुर्ची म्हणजे काय सांगावं? पाठ मागे जाते, मानेखाली उशी, पायाखाली टेकू, आणि खोलीला खिडकी नाही. नुसतं टेकून बघू म्हणाली. पाववाल्याच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा डोळे उघडले आणि पाचावर धारण बसली. पळून येणारं माणूस असं कोरडं ठाक आणि ताजंतवानं कसं जाईल घरी? काचा पुसायच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली समोरच होती. तिने केसांवर मारलं, मानेवर मारलं, शर्टाच्या पाठीवर मारलं. मग इमारतीचा जिना तीनदा खालीवर केला, म्हणजे धाप तरी खरी असावी. खोटेपणातही काही प्रामाणिकपणा असतो की नाही.

वर सासूबाई तयारच होत्या. तिचा सराव सुरू झाल्यापासून त्या तिच्या आधी उठायच्या, ती परत आली की कोमट पाण्याचा टब पुढे ठेवायच्या, आणि तिने पाय बुडवले की समोर स्टुलावर बसायच्या. आठ वर्षांत दोघी अशा समोरासमोर कधी बसल्या नव्हत्या.

‘कुठवर गेलीस?’

‘तळ्यापर्यंत.’

‘कोण भेटलं?’

इथे ‘कुणी नाही’ म्हणून मोकळी झाली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण नव्याने थापा मारणाऱ्याला वाटतं, भर घातली की थाप पक्की होते. ती म्हणाली, ‘एक लाल टोपीवाला. म्हातारा आहे. उलटा पळतो.’

‘उलटा म्हणजे?’

‘पाठ पुढे करून. गुडघ्यांना बरं असतं म्हणे.’

सासूबाई खुदकन हसल्या. चष्मेवालीने त्यांना हसताना पाहिलं होतं, पण स्वतःमुळे हसताना पाहिलं नव्हतं. झालं. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा दुकानाकडे वळले, तिसऱ्या दिवशीही वळले, आणि मग वळायचेच.

लाल टोपीवाला मात्र वाढत गेला. सासूबाई रोज विचारायच्या, ‘काय म्हणतो तुझा टोपीवाला?’ मग तो उलटा पळता पळता तळ्यात पडायचा. त्याची बायको रुसून बहिणीकडे जायची. त्याला एक कुत्रं मिळायचं आणि ते कुत्रं मात्र सरळ पळायचं. सासूबाईंचे प्रश्नही अवघड होत गेले. ‘मागे दिसत नाही तर वळणावर कसं करतो गं तो?’ ‘टोपी धुतो का कधी?’ चष्मेवाली आता त्या खुर्चीत डोळे मिटण्याआधी उद्या टोपीवाल्याचं काय करायचं याची जुळवाजुळव करायची. फसवताना वाईट वाटायचं, खोटं कशाला बोला. टबातलं पाणी कोमट असायचं आणि तिला ते चटके देत असायचं. पण ती दहा-पंधरा मिनिटं हातची जातील याची भीती जास्त होती.

रविवारचा लांबचा सराव गटाबरोबर असे. तिथे फवाऱ्याची बाटली चालणार नव्हती. तिने शिट्टीला कळवलं, सासूबाईंचा गुडघा धरलाय, त्यांना सोडून येता येत नाही. सासूबाई त्या वेळी गच्चीवर गाद्या उन्हात टाकत होत्या, एकटीने.

असे तीन-चार आठवडे गेले. आणि एका पहाटे ती दुकानापाशी येते तर शटर गुडघाभर वर. चोर शिरला असणार. शटर ओढायचा आकडा हातात घेऊन ती वाकून आत शिरली. आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. तो आवाज भिंतीपलीकडून ती आठ वर्षं ऐकत आली होती.

खुर्चीत सासूबाई पसरल्या होत्या. अंगावर शाल, मांडीवर पर्स, चष्मा घडी करून भिंगांच्या ट्रेमध्ये. चप्पल व्यवस्थित खाली.

‘आई?’

‘उशीर केलास आज,’ सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. ‘आणि तो आकडा खाली ठेव, कुठेतरी लागेल.’

चष्मेवालीने आकडा खाली ठेवला.

‘किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते तुझी दुसरी,’ सासूबाई म्हणाल्या. ‘म्हटलं, रोज येतेस तर आहे तरी काय इथे, बघून यावं. झकास आहे गं खुर्ची. माझी पाठ आठवड्यात पहिल्यांदा सरळ झाली.’

‘तुम्हाला कधीपासून...’

‘कपडे मशीनला मी लावते. घामाला लिंबाचा वास येतो कधी? तुझ्या काचा पुसायच्या पाण्याला येतो. तरी म्हटलं, असेल काहीतरी. मग त्या तुझ्या शिट्टीचा फोन आला, तुमचा गुडघा कसा आहे विचारायला.’

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

‘फार सुजलाय म्हटलं. एवढ्यात तरी सुनेला सोडता येणार नाही. थोडं कण्हूनही दाखवलं.’ सासूबाईंनी एक डोळा उघडला. ‘माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? पण तू सांगितलंयस म्हटल्यावर घरचं माणूस खोटं पडू द्यायचं नसतं.’

‘मग घरी का नाही विचारलंत मला?’

‘विचारलं असतं तर टोपीवाल्याचं काय झालं असतं? त्याची बायको अजून बहिणीकडेच आहे.’

चष्मेवालीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. डोळे तपासताना ती स्वतः बसायची त्या स्टुलावर ती मटकन बसली. ‘मला नाही होत हो आता, आई. पाय उचलत नाहीत. पण मला वाटलं, सोडलं तर तुम्ही पुन्हा पहिल्यासारख्या...’

‘पहिल्यासारखी म्हणजे? टोमणे मारीन? ते तर मारणारच. त्याचा पळण्याशी काय संबंध?’ सासूबाई उठून बसायला गेल्या, पण खुर्चीने त्यांना सोडलं नाही. त्या तशाच पडून छताकडे बघत बोलत राहिल्या. ‘हे बघ. आठ वर्षं मी तुला नावं ठेवली. त्यातली निम्मी खरी आहेत, दार तू आपटतेसच. पण मध्येच कधीतरी तू मला आवडायला लागलीस. आता आली का पंचाईत. एवढं बोलून ठेवल्यावर एकदम कौतुक करायचं कुठल्या तोंडाने? शिवणवालीला फोन करून सांगू, की आजपासून माझं मत बदललं? लाज वाटते माणसाला. ते मेडल आलं आणि माझी सोय झाली बघ.’

चष्मेवालीने बाहीला नाक पुसलं. एरवी सासूबाईंनी त्यावर लगेच काहीतरी ऐकवलं असतं.

‘बेचाळीस कुणाला हवेत?’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी आपला एक आकडा बोलून गेले. तुला नको असेल तर माझा गुडघा आहेच. पाहिजे तेवढा सुजवते.’

‘इमारतीत काय सांगाल?’

‘ते माझ्यावर सोड. पस्तीस वर्षं लोकांचे फोन जोडलेत, तोडताही येतात.’ त्यांनी शाल हनुवटीपर्यंत ओढली. ‘आणि आता मला झोपू दे. तुझ्या त्या पाण्याच्या टबापायी महिनोन् महिने झोप नाही मला. खुर्ची एकच आहे, आणि आज ती माझी आहे. तू बस नाहीतर जा कुठे जायचं ते.’

चष्मेवाली थोडा वेळ स्टुलावर बसली. स्टूल कडक होतं. घोरणं पुन्हा सुरू झालं. करायला काहीच नव्हतं, आणि बूट पायात होतेच. ती बाहेर आली, शटर खाली ओढलं आणि सहज म्हणून चालायला लागली. कोपऱ्यावर पाववाला गाडी लावत होता. त्याच्यापुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण पळतोय.

इतके दिवस झोपून पोटऱ्या मऊ पडल्या होत्या. घड्याळ घरीच होतं. किती उरलं ते मोजायचं तर कशातून, आज काही ठरलेलंच नव्हतं. ती तळ्यापर्यंत गेली. वारा आला. उजाडायला लागलं होतं, पाण्यावर बदकं होती, आणि काठाला एकही माणूस नव्हता. तिला मनापासून बरं वाटलं, आणि मग स्वतःचं हसू आलं, कारण तिची नजर उगाचच लाल टोपी शोधत होती. बेचाळीस पळायचं की नाही ते तिने ठरवलं नाही. तळ्याला आणखी एक फेरी मात्र मारली.

परत आली तेव्हा सासूबाई दुकानाबाहेर पायरीवर बसून होत्या, केस नीट केलेले, पर्स काखेत. चष्मेवाली समोर येऊन वाकून धापा टाकत उभी राहिली. सासूबाईंनी तिच्या शर्टाची बाही चिमटीत धरून नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

‘वर गेल्या गेल्या अंघोळ कर आधी. मग चहा टाक, आणि साखर घाल जरा त्यात, कधी नव्हे ते.’

‘घालते.’

दोघी जिना चढायला लागल्या. पहिल्या मजल्यावर सासूबाई थांबल्या. गुडघ्यासाठी नव्हे.

‘काय गं, लाल टोपीवाला भेटला का आज?’

‘नाही, आई.’

सासूबाईंनी चष्मा चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

‘म्हणजे आज खरंच पळून आलीस,’ त्या म्हणाल्या.