बोलायच्या खोलीतली वेताची खुर्ची

"कुर्रर्र..." खोलीतली शांतता मीच मोडली. माझ्यावर बसलेल्या बाईने दचकून अंग चोरलं आणि पुटपुटली, "सॉरी हं." चक्क मला! मित्रांनो, खुर्चीची माफी मागणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी वेताची खुर्ची, वयाने बरीच जुनी. एका कारागिराने वेत भिजवून मऊ केला आणि मला विणलं. वेत अडला की तो म्हणायचा, "वाक गं बये, मोडू नकोस." तरुणपणी मी दातांच्या दवाखान्यात होते. गाल धरून आलेली माणसं माझे हात घट्ट आवळायची. पुढे तिथे गादीच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. रंगाचे रिकामे डबे मांडीवर घेऊन मी किती वर्षं काढली, कुणास ठाऊक! शेवटी समुपदेशक ताईंनी मला इथे आणलं, मनातलं बोलायच्या खोलीत. दात दुखला की माणूस बोट ठेवून दाखवतो. इथे आलेल्यांना बोट कुठे ठेवायचं तेच उमगत नाही.

ही बाई तोंडी परीक्षेला आल्यासारखी आली होती. इस्त्रीचे कपडे, पाठ केलेली उत्तरं. घरी तान्हं बाळ आणि बालवाडीतली मुलगी.

"नवरा चांगला आहे. सासूबाई चांगल्या आहेत. बाळ तर गुणाचं आहे."

"आणि तुम्ही?" ताईंनी विचारलं.

"मीपण चांगली आहे की," म्हणाली आणि रडायलाच लागली.

ताईंनी घाई केली नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, "इथलं इथेच राहील. कुणाच्या जिवाला धोका वाटला तरच मी बाहेर मदत मागेन, तीही आधी तुम्हाला सांगून."

हे ऐकलं आणि बाईच्या बोटांनी माझे हात आवळले. ही पकड माझ्या ओळखीची होती. काहीतरी ठणकत होतं आणि ती ते दाखवत नव्हती.

"गोळी नाही का देणार?"

"गोळ्या डॉक्टर देतात. लागल्या तर त्यांच्याकडे पाठवीन. आपण बोलायचं."

"बोलायला सासूबाई काय कमी आहेत!" तिच्या तोंडून निसटलं आणि दोघीही हसल्या.

तरी निघताना ती म्हणाली, "आले तेव्हा बरी होते हो."

"सुरुवातीला होतं असं. पुढच्या मंगळवारी हेच सांगायला या."

त्या मंगळवारी ती आलीच नाही. मी रिकामी. ताई अधूनमधून दाराकडे बघत होत्या.

पुढच्या खेपेला आली ती मुलीला घेऊन. बाळ आजीकडे होतं, पण ही आईला सोडेना. बाहेरच्या खोलीत, तिथे कामाला असलेल्या मावशींनी तिला खडू दिले. दार लोटलं, पण नीट लागलं नाही. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"बाळाला अंघोळ घालताना मला बाळाची भीती वाटते," बाई एका दमात म्हणाली. "वाटतं, मीच पाण्यात सोडून देईन त्याला. तसं करायचं नाहीये हो मला! पण डोळ्यांसमोर येतं. आता तुम्ही बाळ काढून घ्याल ना?"

"नाही घेणार. नको असलेले असे विचार बऱ्याच आयांना येतात. येतात म्हणून तसं घडतंच असं नाही. सांगितलंत, फार बरं केलंत. अंघोळीच्या वेळी सोबत कोण थांबेल ते आज ठरवू आणि डॉक्टरांनाही भेटू."

बाई पहिल्यांदाच पाठ टेकून बसली. मी मोठ्ठ्याने कुरकुरले, पण तिने माफी मागितली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी 'मी बरी आहे' म्हणत गप्प गप्प राहत असेल, तर 'झालंय काय तुला एवढं' असं म्हणू नका. शेजारी बसा. मदत मागायला जायचं असेल, तर सोबत जा.

तेवढ्यात दार उघडलं. खडूने माखलेल्या हातांनी मुलगी आत आली आणि आईच्या कुशीत, माझ्या उरल्यासुरल्या जागेत, चढून बसली.

"आई, मी बाळ होते तेव्हा तुला माझीपण भीती वाटायची का गं?"

आईने माझ्या हातांवरचे हात उचलले आणि तिला घट्ट धरलं.