सुतकातली द्राक्षं

बोगादी गावात स्वामींच्या प्रवचनाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. "अंबुजाताई, देवापुढची द्राक्षं कशी आहेत?" स्वामींनी माईकवरून विचारलं.

"ताजी! तीन आठवडे झाले, एक मणी सुकला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वामी गरजले, "द्राक्षं ताजी, तोवर लेकरू ताजं! गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास!" स्वतःच्या गुडघ्याला मात्र ते डॉक्टरांचं मलम चोळून घेत, पण ते मांडवामागं.

बिचारी अंबुजा! तिची दहा वर्षांची तुंगा फिट्सनं बेजार होती. स्वामींनी दिलेली द्राक्षं तिनं सासूबाईंच्या हाती नुसती "देवापुढं ठेवा" म्हणून दिली होती. बुवाचं नाव काढलं असतं, तर सरस्वतीबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या, त्या घरात सोवळं कडक. देवघरात एकट्या सरस्वतीबाई जात. अंबुजा रोज उंबऱ्याबाहेरूनच द्राक्षं बघायची नि हात जोडायची. मांडवातून घरी आल्यावर तिनं तुंगाच्या गोळ्या बंद केल्या.

आठवड्याच्या आत तुंगाला मोठी फिट आली. दवाखाना गाठेपर्यंत पोर गेली.

सुतक लागलं, देवपूजा थांबली. चार-पाच दिवसांत देवघरातून आंबूस वास यायला लागला. द्राक्षांचे देठ काळे पडले होते, मणी सुरकुतून फुटले होते, वर चिलटं घोंगावत होती. स्वामींच्या मठाचा माणूस येऊन सांगून गेला, "तुमची श्रद्धा कमी पडली." अंबुजानं भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. "अय्यो, कुठं चुकले मी?"

तिचा दीर प्राणेश शाळेत विज्ञान शिकवायचा. तो म्हणाला, "वहिनी, उघड्यावर द्राक्षं अशीच नासतात. न धुता फ्रीजमध्ये ठेवली, तरी दोनेक आठवडे टिकली तर खूप. आज नासली यात नवल नाही. तीन आठवडे टिकली कशी?" मग तो आईकडं वळला. "आई, ती द्राक्षं कोण बदलत होतं?"

"मीच की! शिळा नैवेद्य देवापुढं ठेवतात होय? फुलांबरोबर रोज ताजी मागवत होते. आता सुतकात कोण बदलणार? का रे?"

"आई, ती स्वामींची द्राक्षं होती, ती ताजी दिसली म्हणून मी पोरीच्या गोळ्या थांबवल्या; एकदा तरी बोलायचं होतं!" अंबुजानं हंबरडा फोडला.

"तू तरी एकदा विचारायचंस गं," म्हातारी म्हणाली. मग तिलाही सारं उमगलं.

समाचाराला आलेल्या बायकांत एकीच्या पिशवीत तसाच स्वामींच्या प्रसादाचा द्राक्षांचा घोस होता. अंबुजानं तिचा हात धरला.

"बाई, देवाला खुशाल हात जोडा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोराची गोळी थांबवू नका. चमत्कार दिसला, तर तो कसा झाला ते आधी विचारा. मी घरातल्या घरात एक प्रश्न विचारला असता, तर माझी तुंगा आज शाळेत गेली असती."