मालकाने भाजलेला मसाला

ठेकेदार अनंतरावांची ऑर्डर मिळाली तर नवऱ्याला, भूपेशला, काय काय मिळणार, ते काजलने चहा उकळता उकळता मोजलं. बुटीबोरीच्या कॅन्टीनचा महिन्याला साठ किलो सावजी मसाला, 'उद्योजक' म्हणवून घेण्याची सोय, आणि साळ्यांपुढे ताठ मान. काजलच्या वाट्याला साठ किलो भाजणं.

अकरा वर्षं ती मागच्या पडवीत मसाला भाजत आली; तेव्हा तो तिचा 'टाइमपास' होता. भूपेशची नोकरी सुटली नि त्याच मसाल्याचा 'बिझनेस' झाला. पुढच्या खोलीत फिरती खुर्ची आली, पाकिटावर 'भूपेश सावजी मसाले' आलं. "दोघांचं नाव टाका ना," काजल म्हणाली होती.

"बाईचं नाव पाहून पार्टी भाव पाडते वं. तू भाजत राह्य."

तेही तिने गिळलं. पण चहा घेऊन ती दारात आली, तेव्हा अनंतराव विचारत होते, "भाजते कोण?"

"मीच! बायकोले काय समजते? ती पाकिटं भरते."

काजलने कप ठेवले, पदर सारखा केला. "भाऊ, नमुन्याच्या पुडीवर काहून विश्वास ठेवता? हे आत्ता तुमच्यासमोर भाजून दाखवतीन. सामान काढूनच आहे."

"वा! मग सौदा पक्का," अनंतराव उठलेच.

या मसाल्यात एकेक जिन्नस वेगळा भाजतात. मिरची सगळ्यांत शेवटी, मंद आचेवर. पडवीत कधी पाय न ठेवलेल्या भूपेशने गॅस मोठा केला, तेल धुरावल्यावर आधी भिवापुरी मिरची ओतली, वर खोबरं, खसखस, सगळं एकदम.

पहिला ठसका अनंतरावांना लागला. मग शेजारच्या दोन घरांना.

"काजल, बंद कर वं!"

काजल पुढच्या खोलीत फिरत्या खुर्चीवर पंखा लावून बसली होती. "मालकाच्या कामात मी कशी हात घालू जी?"

अनंतराव डोळे चोळत बाहेर आले. "वहिनी, खरं सांगा. भाजता तुम्हीच ना?"

एका 'हो'ने ऑर्डर वाचली असती. काजलला ते पक्कं ठाऊक होतं.

"मालक आत आहेत. त्याइलेच विचारा."

ऑर्डर बुडाली ती दोघांची. पोरीच्या शिकवणीसाठी काजलने दिवाळीपर्यंत दुसऱ्यांचे पापड लाटले, कंबर धरून. आणि भूपेश पानठेल्यावर उभा राहिला की कोणी ना कोणी अजून खोकून दाखवतं.