चिकटलेल्या दोन पानांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. माझ्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छापील आकडा आहे, एकपासून एकशे वीसपर्यंत. हे आकडे लक्षात राहू द्या, कारण माझं सगळं सुखदुःख त्यातल्या दोन आकड्यांमध्ये अडकलेलं होतं.

माझा जन्म लातूरच्या एका छापखान्यात झाला. तेव्हा लातूर हा जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातलं मोठ्या बाजारपेठेचं गाव होतं. मला शाळेचं रजिस्टर व्हायचं होतं. पण छापताना माझे रकाने तिरपे गेले आणि मला रद्दीच्या ढिगात टाकलं. जन्मल्या जन्मल्या नापास झाले म्हणा ना! तिथून मला विनीताबाईंनी उचललं. जळकोटजवळच्या एका खेड्यात त्या शिक्षिका होत्या. छापखानेवाल्याला त्या म्हणाल्या, "रेघा वाकड्या असल्या म्हणून काय झालं? पानं तर सरळ आहेत." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्या गावच्या बौद्ध वस्तीत जयंतीची तयारी चालली होती. समाजमंदिरात पंधरा-वीस बायका निळ्या पतंगी कागदाच्या पताका कापत बसल्या होत्या. खाली तुकड्यांचा खच पडला होता. बाईंनी मला मधोमध ठेवलं आणि म्हटलं, "हे तुकडे झाडून टाकू नका. या वहीत काहीतरी करा." बायका आधी हसल्या. मग एकीनं तुकड्यांचा मोर केला, दुसरीनं घर केलं, आणि बघता बघता माझी चार पानं भरली.

तेव्हापासून माझा फेरा सुरू झाला. आठ दिवस एका घरी राहायचं, तिथं माझं एक पान भरायचं, आणि रविवारी सगळ्यांसमोर ते दाखवून पुढच्या घरी जायचं. काडेपेटीवरची चित्रं, साबणाची वेष्टणं, लग्नपत्रिकेवरचा सोनेरी कोपरा, उदगीरच्या एसटीचं तिकीट, जुन्या कॅलेंडरातला हत्ती, असं काय काय माझ्या अंगावर आलं! चिकटवायला प्रत्येक घरातून चिमूट चिमूट पीठ गोळा व्हायचं आणि त्याची खळ शिजायची. खरं सांगते, मला खळ फार आवडायची. कोमट, मऊ, भाकरीच्या वासाची. पातळ लावली की ती कागदात मुरून जायची. मग मला मिटून वर पाटा ठेवायचा, की दुसऱ्या दिवशी पान कसं सपाट!

या सगळ्यांत माझ्या लाडक्या दोघी. एक सरजाबाई आणि दुसरी पंचफुला. सरजा मोठी, तोंडानं फटकळ, पण चिकटवण्यात तिचा हात कुणी धरायचं नाही. पंचफुला अबोल. तिला सगळे फुला म्हणत. ती कागदाला घड्यावर घड्या घालायची, कात्री फिरवायची आणि कागद उलगडला की हातात हात धरलेल्या बायकांची रांगच्या रांग उभी राहायची. लुगड्याच्या काठाला ती बारीक दुहेरी दाते पाडायची. तसे दाते वस्तीत दुसऱ्या कुणाला जमले नाहीत. फुला कापायची आणि सरजा चिकटवायची, हे ठरलेलंच होतं. फुलानं कधी खळीत बोट बुडवलं नाही आणि सरजानं कधी कात्री धरली नाही.

मग बहात्तर साल आलं. आदल्या वर्षी पाऊस कमी होता, त्या वर्षी तर तो फिरकलाच नाही. वस्तीतल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. हाताला फोड यायचे, कात्रीत बोटं जायची नाहीत. तरी रविवारी त्या यायच्या आणि मला उघडून नुसत्या बघत बसायच्या. पोटात काही नसताना कागदाचा मोर बघून काय मिळत होतं त्यांना, ते मला सांगता येणार नाही. पण त्या यायच्या एवढं खरं.

एका रविवारी फुला वाटीत मूठभर पीठ घेऊन आली. रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलो ज्वारीचं पीठ. "लई दिवस झाले, खळ शिजवली न्हाई. आज एक पान करू," ती म्हणाली.

सरजा एकदम भडकली. "लेकराच्या तोंडातलं पीठ कागदाला लावतीस? लाज हाय का न्हाई तुला?"

फुलानं वाटी पदराखाली घेतली आणि ती उठून गेली. सरजा चुकीचं बोलली नव्हती, पण चारचौघींत बोलली होती. मला वाटतं, तिला ते तेव्हाच कळलं होतं. पण मागं जाऊन हाक मारायला तिची जीभ रेटली नाही. आम्हा वह्यांना तोंड नसतं. माणसांना असून ते वेळेवर उघडत नाही, याचा मला फार राग येतो.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या उंबऱ्यावर पळसाच्या पानात बांधलेला बाभळीचा डिंक होता. फुलानं तो रानातून खरवडून आणून ठेवला होता. पण ती स्वतः आली नाही. पुढचे तीन-चार रविवारही आली नाही. इकडे बाकीच्या बायका डिंकानं चिकटवू लागल्या. डिंकाचं नि माझं कधी जमलं नाही. चिकट, हट्टी आणि वाळला की कडक. सरजानं दोन-तीनदा हात खराब करून घेतल्यावर नियम काढला. डिंक पातळ लावायचा, पान उघडंच ठेवून उन्हात वाळवायचं आणि मगच मला मिटायचं. हा नियम सगळ्यांना माहीत झाला, फक्त फुलाला नाही.

आणि पाळी आली फुलाच्या घराची. विनीताबाईंनी मला तिच्याकडे नेऊन दिलं. त्याच आठवड्यात एक मुकादम आला आणि फुलाच्या नवऱ्याला, भीमाला, म्हणाला की निजामाबादला बिड्या वळायचं काम आहे, सगळ्या घराला पुरेल. भीमाला इथं ना जमीन होती ना भाऊबंद. तो लगेच तयार झाला. वस्तीतून त्या दिवसांत रोज कुणी ना कुणी जात होतं, कुणी पुण्याला, कुणी मुंबईला. कोण कुठं गेलं याचा कुणाला पत्ता लागत नव्हता.

जायच्या आदल्या दुपारी फुलानं मला मांडीवर घेतलं. जयंतीचा राहिलेला निळा कागद तिच्याकडे होता. तिनं त्याच्या फक्त दोन बायका कापल्या. एक थोडी उंच, एक बुटकी, हातात हात धरलेल्या. काठाला तेच दुहेरी दाते. शेहेचाळिसाव्या पानावर तिनं त्या ठेवल्या. मग कमरेच्या चंचीतून बिडीच्या कट्ट्यावरचा कागद काढला. मुकादमानं कारखाना दाखवायला तो दिला होता. त्यावर कंदिलाचं चित्र होतं आणि खाली तेलुगू अक्षरं. फुलाला लिहिता येत नव्हतं. पण आपण कुठं चाललोय, हे तिनं तो कागद त्या बायकांच्या पायाशी ठेवून सांगितलं. ती हळूच म्हणाली, "सरजाक्का, राग गेला की ये गं."

आयुष्यात पहिल्यांदा ती चिकटवायला बसली होती. निघायला नको म्हणून तिनं डिंक भरपूर लावला. पतंगी कागद तो, डिंक त्यातून वर आला. मग खळीच्या दिवसांत बघितलं होतं तसं तिनं मला मिटलं आणि वर पाटा ठेवला. मी आतून ओरडत होते, अगं मिटू नकोस! पण सांगितलं ना, आम्हाला तोंड नसतं.

सकाळी गाडी येऊन उभी राहिली. सरजा खडीच्या कामावर गेलेली होती. फुलानं मला न उघडता सरजाच्या उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि ती गेली.

संध्याकाळी सरजा आली. हातसुद्धा न धुता तिनं मला उघडलं आणि घाईघाईनं पानं चाळली. पंचेचाळिसावं पान भरलेलं होतं. ते उलटलं की कोरं पान. सरजाला तेव्हा आकडे वाचता येत नव्हते. त्या कोऱ्या पानावर अठ्ठेचाळीस छापलेलं आहे, मधली दोन पानं एकमेकांना चिकटून गेली आहेत, हे तिला कसं कळणार? ती भिंतीला टेकली. "एक पान बी न करता गेली," ती म्हणाली. "एवढा राग?"

पुढच्या वर्षी पाऊस झाला. गेलेली माणसं हळूहळू परतली. फुला आली नाही. वहीचा फेरा पुन्हा सुरू झाला, खळ पुन्हा शिजू लागली. पण ते कोरं पान सरजानं कुणाला भरू दिलं नाही. कुणी हात लावला की ती म्हणायची, "ते फुलाचं हाय. आल्यावर ती भरील." मित्रांनो, त्या कोऱ्या पानाच्या पाठीलाच फुलानं आपलं पान भरून ठेवलं होतं. एका कागदाइतकं अंतर! दहा वर्षं सरजा दर जयंतीला ते कोरं पान उघडून बसायची, आणि दहा वर्षं मी पोटात उत्तर ठेवून गप्प राहायची. माझ्या आयुष्यात यापेक्षा जड ओझं मी वाहिलेलं नाही, आणि पाट्याखाली मी कितीतरी दिवस काढलेत.

ब्याऐंशी साल उजाडलं. लातूर वेगळा जिल्हा होणार, म्हणून सगळीकडे धामधूम सुरू झाली. विनीताबाई वस्तीत आल्या. "पंधरा ऑगस्टला लातूरला प्रदर्शन आहे. तुमची वही नेऊ या," त्या म्हणाल्या. मी ज्या गावात नापास झाले तिथं मिरवायला जाणार होते! मी हरखून गेले होते. सरजाची मुलगी पंचशीला तेव्हा अध्यापिका व्हायला शिकत होती. ती मला पुसून काढत होती आणि पानं मोजत होती.

"आई, दोन पानं कमी हायेत," ती म्हणाली. "पंचेचाळीसच्या मागं अठ्ठेचाळीस कसं? आन् हे पान बोटाला जाड लागतंय."

सरजानं ते पान दोन बोटांत धरून बघितलं. चिकटवण्यातली ती जाणती. "डिंक हाय," ती म्हणाली. "चुलीवर पाणी ठेव."

वाफेवर तिनं मला धरलं. बोटाच्या टोकानं, कणाकणानं पानं सोडवली. अर्धा दिवस लागला. पानं सुटली, पण दहा वर्षं मुरलेला डिंक तो. उंच बाई शेहेचाळिसाव्या पानावर राहिली, बुटकी सत्तेचाळिसाव्या पानाबरोबर निघून आली. मध्ये हातांची जोडी फाटली. बिडीचा कागद मात्र धड निघाला.

सरजा त्या दुहेरी दात्यांवरून बोट फिरवत राहिली. "मी तिची लाज काढली," ती म्हणाली, "आन् तिनं मला हे करून ठेवलं." मग ती ओक्साबोक्शी रडली.

गावातले बसलिंगप्पा दुकानदार तेलुगू वाचायचे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "निजामाबादचा कारखाना हाय हा, सरजाबाई. गल्लीचं नाव बी लिव्हलंय."

विनीताबाईंना सरजा म्हणाली, "बाई, वही लातूरला न्हाई यायची. मला लागतीया." बाईंनी होकाराची मान हलवली. पंधरा ऑगस्टला गावातली सगळी माणसं नटूनथटून लातूरकडे निघाली आणि आम्ही दोघी देगलूरवरून निजामाबादकडे. मी पिशवीत होते. माझी मिरवणूक हुकली याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

निजामाबादला विचारत विचारत आम्ही त्या गल्लीत पोहोचलो. कारखान्याला कुलूप होतं. पण गल्लीतल्या दारोदारी दोऱ्याला कागदी बायका टांगलेल्या होत्या, हातात हात धरलेल्या. सरजा एका दारापाशी थांबली. तिनं काठाचे दुहेरी दाते बघितले. घरातून एक बाई बाहेर आली, तिचं नाव लक्ष्मीबाई. तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं.

"हे कुणी शिकवलं?" सरजानं विचारलं.

"पंचफुला. सात साल इथं होती. कारखाना बंद पडला, मग हैदराबादकडं गेली, इमारतीच्या कामाला. कुठं, मालूम न्हाई." लक्ष्मीबाईनं सरजाला नीट न्याहाळलं. "तू सरजाक्का?"

सरजानं मान हलवली.

"मी लई वेळा बोलले तिला, गावाला खत लिहून घे. ती बोलायची, माझा पत्ता सरजाक्काकडं हाय. तिचा राग गेला की ती येईल."

"राग त्याच दिवशी गेला होता गं," सरजा म्हणाली, पण ते ऐकायला फुला तिथं नव्हती.

फुला पुढं सापडली नाही. पंचशीलानं किती पत्रं लिहिली, हैदराबादला जाऊन आलेल्या किती जणांना विचारलं. वस्तीत मात्र एक नवी रीत पडली. कुणी गाव सोडून निघालं, की त्यानं आपला पत्ता माझ्यात चिकटवायचा आणि सगळ्यांदेखत पान उघडून दाखवायचं. माझी शेवटची तीस पानं अशा पत्त्यांनी भरली आहेत. कोरं आहे ते फक्त अठ्ठेचाळिसावं.

आता मी समाजमंदिराच्या कपाटात असते. सरजा जाऊन बरीच वर्षं झाली. रविवारी तुमच्यासारखी मुलं येतात, कात्री-कागद घेऊन बसतात आणि मला चाळतात. तुम्हीही या. जवळच्या माणसावर रागावलात तरी खुशाल रागवा, पण राग गेला की ते सांगायला उशीर करू नका. मनातलं असं पानातच दडून राहू शकतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि एक विनंती. दुसरी पुस्तकं तुम्हाला म्हणतील, आम्हाला उघडा. मी म्हणते, मला उघडा, मनसोक्त बघा, पण जाताना आठवणीनं मिटा. निजामाबादहून परत येताना एसटीत सरजानं मला मांडीवर उघडं ठेवलं होतं. डावीकडे उंच बाई, उजवीकडे बुटकी, दोघींचे हात तुटलेले. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिनं मला हळूच मिटलं, वर तळहात दाबून धरला आणि म्हणाली, "हं. आता धरला बघ हात."

मी मिटलेली असते तेव्हाच त्या दोघी एकत्र असतात.