खणाला लावलेलं खनिज

दलदलीतून उपसलेला पाइनचा एक काळा ओंडका सुताराने शेडमध्ये आणून मधोमध चिरला. आतल्या भेगांमधून पांढरे, चकचकीत पापुद्रे निघाले. बुरशी असेल म्हणून तो झाडून टाकणार, तोच बायकोने अडवलं. तिने एक पापुद्रा बोटांत चोळून पाहिला.

"राहू द्या. माझा चमच्यांचा खण वर्षभर अडतोय. लोकांच्या कपाटांतून तुम्हाला सवड मिळेल तेव्हा खरं."

सुतार पुन्हा करवतीकडे वळला. तिने डबीभर पापुद्रे खरवडले, थोडे खणाच्या कडांना घासले, आणि खण एका बोटाने सरकू लागला.

रविवारी नणंद आली. ती संग्रहालयात खनिजं सांभाळायची. चमचा घ्यायला तिने खण ओढला आणि बोटाला लागलेलं पांढरं निरखत तशीच उभी राहिली.

"वहिनी, हे काय लावलंयस?"

"तुझ्या दादाच्या ओंडक्यातलं मेण."

"मेण नाही हे, फिश्टेलाइट आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या पाइनच्या राळेतून तयार झालेलं खनिज. आमच्याकडे तिळाएवढा कण आहे, तोही काचेत."

"खनिज म्हणजे दगड ना? हे तर बोटाने मळतं."

"उरलेलं कुठंय?"

वहिनीने शेगडीजवळची डबी दाखवली. आत तेलासारखं काहीतरी डुचमळत होतं. नणंदेने डबी उचलून उजेडात धरली. "जरा ऊब लागली तरी वितळतं ते."

"मी तर फेकूनच देणार होतो," सुतार समजूत घालत म्हणाला. त्याने कुणालाच बरं वाटलं नाही.

ओंडक्याचा दुसरा अर्धा भाग अजून शाबूत होता. तिघं त्याच्याभोवती उकिडवी बसली. नणंदेने तासभर जपून टोकरलं, हाती भुसाच आला. शेवटी वहिनीने पटाशी मागून घेतली.

"सरळ भेगेत नाही मिळायचं. भेग वळते तिथे बघ. डबीभर काढलंय मी."

तिसऱ्या घावाला ढलपी उडाली. आत तळहाताएवढ्या जागेत बारीक सुयांसारखे स्फटिक लखलखत होते. नणंदेने तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं ते लाकूड कापसात गुंडाळलं आणि बर्फाच्या पेटीत ठेवून घेऊन गेली.

आता दलदलीत नवा ओंडका सापडला की संग्रहालयाची गाडी वहिनीला न्यायला येते. निदान पटाशीला धार लावायला तरी आपल्याला न्यावं, असं सुताराला वाटतं. अजून कुणी विचारलेलं नाही.