राहुरीच्या अलीकडं थांबलेली गाडी

कोपरगावकडच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यात कॅन्सरच्या उपचाराचं जुनं रेडियम शिशाच्या भांड्यांत पडून होतं. ते सरकारी साठवणीत पोचवायला सूर्यभान गाडी घेऊन निघाला होता. शेजारी किरणोत्सर्गाची तपासणी करणाऱ्या सुकन्या मॅडम. राहुरीच्या अलीकडं त्यांच्या मांडीवरचं यंत्र टिकटिक करू लागलं. आधी अधूनमधून, मग थांबेचना.

"भाऊ, काचा खाली करा. भांडं गळतंय. मागं रेडियमचा गॅस साठलाय."

"वास तर येत न्हाई, मॅडम."

"येणारही नाही. छातीत गेला तरी कळत नाही. वस्ती सोडून मोकळ्यात घ्या गाडी."

सूर्यभाननं काचा खाली करून गाडी पुढं दामटली. दोन्ही अंगांना नुसता ऊस. अखेर तोड झालेलं एक रान दिसलं, तिथं त्यानं गाडी घातली. मॅडमनी मास्क चढवला, मागची दारं सताड उघडली. "कुणालाही जवळ येऊ देऊ नका," असं बजावून त्या आत शिरल्या.

आणि नेमकी माणसं आली. बांधापलीकडं ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, होत्या. गाडी बंद पडली समजून चार-पाच जण धक्का द्यायला निघाले. पुढं, नातीला कडेवर घेतलेली एक म्हातारी. चेहरा दिसला तशी त्यानं ती ओळखली. पाथर्डीकडची, त्याच्याच गावची राहीबाई. त्याच्या आईच्या जोडीनं तिनं कितीतरी हंगाम ऊस तोडला होता.

"आरं, सूर्यभान न्हवं का तू?"

"मागं फिर, मावशे!"

"धक्का देतो की रं, लाजतो कशाला?"

"फिर म्हन्तो ना!"

ती येतच राहिली. सूर्यभाननं ढेकूळ उचलून फेकलं. ते तिच्या पायाशी फुटलं. पोरगी किंचाळली. एक गडी कोयता घेऊन पुढं सरसावला, पण राहीबाईनं त्याचा दंड धरला. "चल बाबा. मोठा मानूस झालाय त्यो." सगळे माघारी वळले.

आतून मॅडमची हाक आली. गळकं भांडं मोठ्या पोलादी पिंपात उतरवायचं होतं, एकटीला उचलत नव्हतं. दुसरा मास्क बांधून तो चढला. भांडं उतरलं, पण झाकणाचं कडं बसेना. दोनदा निसटलं. मास्कच्या आत स्वतःचाच श्वास घुमत होता, आणि पुढचा घ्यावा की नको अशी त्याची गत झाली होती. शेवटी त्यानं गुडघा रोवून कडं दाबलं, मॅडमनी बोल्ट आवळला. हळूहळू टिकटिक विरळ झाली.

मॅडमनी त्याच्या अंगावरून यंत्र फिरवलं. "काही नाही. ठीक आहात तुम्ही."

मग तो कोप्यांकडं गेला. राहीबाईला त्यानं सगळं सांगितलं. रेडियम, गॅस, ढेकूळ का मारलं, सगळं.

"आन् तुझ्या अंगाला?"

"न्हाई लागलं. मॅडमनी तपासलंय."

"मंग बरं झालं बाबा," ती म्हणाली, पण नातीला तिनं पाठीमागं ओढलं. कोपीतून तांब्याभर पाणी आणलं, चार हात लांब जमिनीवर ठेवलं आणि मागं सरली.

"पी. घसा सुकला आसंल." थोडी घुटमळली. "आन् तांब्या ऱ्हाऊ दे तुलाच."

सूर्यभान उकिडवा बसून पाणी प्याला. रिकामा तांब्या घेऊन तो गाडीकडं चालू लागला.