चोपन्नचा क

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगते. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी दिवसभर भिंगं घासते. तिथे तोंडाला काम नसतं, मग ते इतरत्र भरून निघतं.

त्या दिवशी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत भरून निघालं. लेकीच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे लागोपाठ तिसऱ्यांदा 'क' आला होता. शाळेचा नियम असा, की तीन वेळा 'क' आला की पुढच्या वर्षी मोठं गणित बंद, सोप्या गणिताच्या वर्गात रवानगी. मोठं गणित गेलं की यंत्रांचं शिक्षणही गेलं, आणि माझ्या लेकीला लहानपणापासून दुसरं काही सुचलेलं नाही. घरातलं एक घड्याळ तिने धड ठेवलेलं नाही. आता मात्र ती म्हणत होती, "जाऊ दे गं आई. मी 'क'वालीच आहे."

मी तिला हाताला धरूनच शाळेत नेलं. गणिताचे सर कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसले होते.

"हिला मार्क किती पडले?" मी विचारलं.

"आम्ही मार्क देत नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "चाळीस ते चोपन्न क, पंचावन्न ते एकोणसत्तर ब. एकेका मार्कावरून भांडणं व्हायची, म्हणून आकडेच बंद केले."

"म्हणजे चाळीसवाली आणि चोपन्नवाली सारखीच? सब घोडे बारा टक्के?"

"ताई, एवढा बारीक फरक काय कामाचा?"

हे त्यांनी निदान मला तरी विचारायला नको होतं. त्यांच्या नाकावरची भिंगं मीच घासलेली.

"तुमचा नंबर किती, सर?"

"पावणेतीन."

"आमच्याकडे भिंगं पाव-पाव नंबराने चढतात. उद्यापासून मी तीनच खोकी ठेवते. पातळ, मधलं, जाड. तुम्हाला मधलं देते. मग शाळेचं गेट सापडतंय का बघा."

गणिताच्या सरांनी आपलं हसू खोकल्यात दडवलं. मग पिशवीतून एक जाड वही काढली. ऑफिसला फक्त अक्षरं लागत, पण हा माणूस प्रत्येक पोराचे मार्क पेन्सिलीने लिहून ठेवत होता. कोणी मागितले नाहीत म्हणून मूग गिळून बसला होता. त्यालाही दोन शब्द सुनवावेत असं माझ्या मनात होतं, पण त्याने वही उघडली आणि मी वाकून बघू लागले.

"एक्केचाळीस," सर वाचू लागले. "मग सत्तेचाळीस. आणि आता चोपन्न."

मुख्याध्यापकांनी वही ओढून घेतली आणि ती ओळ दोनदा वाचली.

"ही तर चांगली तेरा मार्कांनी चढली आहे," ते म्हणाले.

"आणि खाली बघा," सर म्हणाले. "हा अडुसष्टवरून छप्पन्नवर घसरलाय. तिन्ही वेळा ब. कोणाला पत्ताच नाही."

मुख्याध्यापक हट्टी होते, पण खोटे नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे पेन उघडून मी लिहून आणलेल्या लेकीच्या अर्जावर 'मोठं गणित चालू ठेवावे' असं लिहिलं आणि सही ठोकली. सरांना म्हणाले, "पुढच्या वेळेपासून अक्षराशेजारी आकडाही छापायचा. भांडायला येतील त्यांना माझ्याकडे पाठवा."

"भांडतात ते आईबाप," मी म्हटलं. "पोरांना फक्त आपण कुठवर आलोय ते कळायला हवं असतं."

जग जिंकल्यासारखं वाटत होतं मला. ऐटीत लेकीकडे वळले, तर तिचं त्या सहीकडे लक्षही नव्हतं. ती वहीवर वाकून त्या तीन आकड्यांवरून बोट फिरवत होती.

"हे माझेच ना, सर?"

"तुझेच."

"म्हणजे मी चढत होते." ती ताठ उभी राहिली. महिन्याभरात तिला असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. "सर, चोपन्नचा पेपर काढून द्या. तो एक मार्क कुठे गेला ते मला बघायचंय."